एंजिन दोषनिदान, जुन्या मोटारगाड्यांचे

मोटारगाडीच्या एंजिनाच्या चालीत बिघाड झाला असता त्याची लक्षणे पाहून व क्रमवार चाचण्या घेऊन मूळ दोष शोधून काढण्याच्या क्रियेस एंजिन दोषनिदान म्हणतात. प्रस्तुत नोंदीत पेट्रोलवर चालणाऱ्या, कार्ब्युरेटर असलेल्या आणि यांत्रिक पॉइंटांच्या साहाय्याने ठिणगी पाडणाऱ्या जुन्या गाड्यांच्या एंजिनांचा विचार केला आहे. महाराष्ट्रात अशा गाड्यांचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे मुंबईत कुर्ला येथे तयार झालेली फियाट ११०० व तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी ही गाडी होय.

आधुनिक गाडीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक स्वतःच बिघाडाची नोंद करून ठेवतो व ती नोंद उपकरणाने वाचता येते. जुन्या एंजिनात अशी कोणतीही स्मृती नसते. आवाज, वास, धूर, कंप आणि उष्णता एवढीच त्याची भाषा असते. ती भाषा न समजता केवळ अंदाजाने एकामागून एक भाग बदलत गेल्यास मूळ दोष बहुधा तसाच राहतो, खर्च वाढतो आणि पुन्हा सहजी न मिळणारे मूळ सुटे भाग मात्र मोडीत जातात. ज्या गाड्यांचे उत्पादन बंद होऊन दशके लोटली आहेत, त्यांच्या बाबतीत ही हानी भरून न येणारी असते. म्हणून दोष शोधणे व भाग बदलणे या दोन वेगळ्या क्रिया मानून पहिली पूर्ण झाल्याशिवाय दुसरीस हात न घालणे, हे या शास्त्राचे पहिले सूत्र आहे.

पार्श्वभूमी : उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. कुर्ला येथील कारखान्यात आरंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होत असे. १९५० नंतरच्या दशकात इटलीतील फियाट कंपनीशी सहकार्य सुरू झाले आणि फियाट ११०० ही गाडी येथे तयार होऊ लागली. तिची रूपे वेळोवेळी बदलत गेली. १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. चार सिलिंडरांचे, ६८ मिमी. व्यास व ७५ मिमी. धाव असलेले १,०८९ घ. सेंमी. धारणेचे तिचे एंजिन साधे, दणकट आणि सहज उघडता येण्यासारखे होते. आयातीवरील निर्बंधांमुळे सुटे भाग त्या काळी दुर्मिळ असत. त्यामुळे भाग टाकून देण्यापेक्षा तो दुरुस्त करून पुन्हा बसविण्याकडे कारागिरांचा कल असे. मुंबई, पुणे आणि या दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावरील गॅरेजांत या एंजिनाच्या दुरुस्तीचे एक समृद्ध व्यावहारिक ज्ञान निर्माण झाले. ते बहुतांशी तोंडी होते व उस्तादाकडून शिकाऊ मुलाकडे जात असे. या गाडीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदणी झालेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी शहराच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे नाहीशी झाली. त्याबरोबरच तिच्या कारागिरांचे ते ज्ञानही विरळ होत चालले आहे.

मूळ तत्त्व : पेट्रोल एंजिन चालण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात : (१) योग्य प्रमाणातील इंधन व हवा यांचे मिश्रण, (२) त्या मिश्रणाचे पुरेसे संपीडन आणि (३) योग्य क्षणी पडणारी जोरकस ठिणगी. यांव्यतिरिक्त जळालेले वायू विनाअडथळा बाहेर पडावे लागतात व निर्माण झालेली जादा उष्णता वाहून न्यावी लागते. एंजिनाचा कोणताही चालण्यातील दोष अखेरीस यांपैकी एखाद्या गोष्टीच्या अभावी उद्भवतो. निदानकर्त्याला शेकडो भागांचा विचार एकदम करावा लागत नाही. या तीन शाखांपैकी शाखा कोणती, हे प्रथम ठरवावे लागते. तीही ठरविताना दोष चारही सिलिंडरांत सारखा आहे की एकाच सिलिंडरापुरता आहे, या एका प्रश्नाने अर्ध्या शक्यता बाद होतात. कार्ब्युरेटर, कॉइल व पेट्रोलपंप हे चौघांना समाईक असतात, म्हणून त्यांचा दोष सर्व सिलिंडरांवर दिसतो. उलट प्लग, त्याची वायर व झडपा या प्रत्येक सिलिंडराच्या स्वतंत्र असल्याने त्यांचा दोष एकाच सिलिंडरात प्रकट होतो. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

प्रश्न व निरीक्षण : आयुर्वेदात दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली आहे. एंजिनाच्या बाबतीतही हाच क्रम उपयोगी पडतो. मात्र येथे प्रश्नाला अग्रस्थान द्यावे लागते. दोष एंजिन थंड असताना दिसतो की तापल्यावर? उभ्या गाडीत दिसतो की चढावर? सर्व गतींत की ठराविक गतीला? पावसात वाढतो का? तो हळूहळू वाढत गेला की एकाएकी उद्भवला? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच्या लगतपूर्वी गाडीचे कोणते काम झाले होते? व्यवस्थित चालणारे एंजिन दुरुस्तीनंतर बिघडले असेल, तर ज्या भागाला हात लागला तेथूनच शोध सुरू करणे इष्ट असते. उदा., प्लगच्या वायरी काढून परत बसविताना क्रम चुकला, तर एंजिन कार्ब्युरेटरातून फडफडते किंवा सुरूच होत नाही. फियाट एंजिनात प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा आहे.

मालकाने सांगितलेले लक्षण आणि प्रत्यक्ष लक्षण यांत फरक असू शकतो. ‘पिकअप नाही’ या तक्रारीमागे घसरणारा क्लच किंवा चाकाला चिकटून राहिलेला ब्रेक असतो, असे पुष्कळदा आढळते. अशा वेळी एंजिन उघडणे व्यर्थ होय. म्हणून गाडी स्वतः चालवून किंवा चालकाशेजारी बसून लक्षण पुन्हा घडवून आणावे. जे लक्षण पुन्हा घडविता येत नाही, त्याची दुरुस्ती यशस्वी झाली की नाही हेही ठरविता येत नाही.

प्रज्वलनातील दोष : एंजिन दर मिनिटास ३,००० फेरे घेत असताना चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. त्यांपैकी प्रत्येक ठिणगीसाठी पॉइंट एकदा मिटावे व उघडावे लागतात. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून बॅटरीचा प्रवाह वाहतो. ते उघडताच प्रवाह खंडित होऊन कॉइलमध्ये हजारो व्होल्टांचा विद्युत् दाब निर्माण होतो आणि तो डिस्ट्रिब्यूटरमधील रोटरद्वारे नेमक्या प्लगकडे जातो. पॉइंटांमधील अंतर अनेक गाड्यांत ०·४ ते ०·५ मिमी. ठेवतात; अचूक आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेतून घ्यावा. कॅमवर घासणारा ठोकळा झिजला की हे अंतर कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. एंजिन जड चालू लागते, तापते व जादा पेट्रोल खाते. ही झीज सावकाश होत असल्याने चालकाच्या ती लक्षात येत नाही. यास्तव आधी पॉइंट व नंतर टायमिंग असाच क्रम पाळावा लागतो. पॉइंटांचे अंतर बदलले की टायमिंगही बदलते. उलट क्रमाने केलेले काम वाया जाते.

पॉइंटांना समांतर जोडलेला कंडेन्सर निकामी झाला, तर पॉइंटांवर मोठी ठिणगी उडते, ते लवकर जळतात आणि प्लगवरील ठिणगी पिवळसर व दुबळी होते. वारंवार पॉइंट जळत असल्यास नवे पॉइंट हा उपाय नसून कंडेन्सर किंवा कॉइल तपासणे आवश्यक असते. कॉइल थंड असताना ठीक व तापल्यावर निकामी, असा दोष विशेष फसवा असतो. कारण गाडी गॅरेजात पोहोचेपर्यंत ती थंड होऊन पूर्ववत चालू लागते. अशी कॉइल तापलेल्या स्थितीतच तपासावी लागते.

एखादा सिलिंडर काम करत नसल्यास, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करत असल्यास, मंद फेऱ्यांवर एकेका प्लगचा विद्युत् पुरवठा तोडून पाहतात. चालू सिलिंडराचा पुरवठा तोडला की फेरे कमी होतात. निकामी सिलिंडराचा तोडला तर काहीच फरक पडत नाही. हा सिलिंडर सापडल्यावर त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरात बसवावा. दोष प्लगबरोबर शेजारी गेला तर प्लग वाईट. जागीच राहिला तर वायरींची अदलाबदल करावी. त्यानेही दोष हलला नाही, तर संपीडन मोजावे. एकही नवा भाग विकत न घेता दोष कोठे आहे हे या रीतीने कळते. या चाचणीत वायर उघड्या हाताने धरू नये व ती अधांतरी सोडू नये. निरोधक चिमट्याने हाताळून तिचे टोक एंजिनाच्या धातूजवळ ठेवावे.

इंधनपुरवठ्यातील दोष : टाकी, नळी, गाळणी, पंप, कार्ब्युरेटरातील तरंगक, त्याची सुई व जेट असा पेट्रोलचा मार्ग असतो. प्रवाह कोठे खुंटला हे याच क्रमाने शोधतात. पेट्रोल पुरेसे न पोहोचल्यास एंजिन सपाटीवर ठीक चालते, पण वेग वाढविताना किंवा चढावर झटके देते. मंद फेऱ्यांवरच बंद पडणारे एंजिन वेगात सुरळीत चालत असेल, तर मंदगतीच्या जेटमध्ये कचरा असण्याचा अथवा कार्ब्युरेटरखालील सांध्यातून बाहेरची हवा आत जाण्याचा संभव असतो. चोक किंचित ओढल्यावर चाल सुधारली, तर मिश्रणात हवा जास्त आहे असे समजावे. हवा कोठून शिरते हे पाहण्यासाठी सांध्यांना पातळ तेल लावतात. गळतीच्या जागी तेल लागताच फेरे बदलतात. यासाठी पेट्रोल शिंपडण्याची प्रथा आगीच्या दृष्टीने अत्यंत धोकादायक आहे.

याउलट तरंगकाची सुई झिजली किंवा तरंगकात छिद्र पडून पेट्रोल शिरले, तर कार्ब्युरेटर भरून वाहू लागतो. मिश्रण दाट होते, धूर काळा येतो, प्लग काजळीने भरतात. वेगवर्धक एकदम दाबताच एंजिन क्षणभर अडखळत असल्यास वेगवर्धक पंपाचा पडदा पाहावा. कार्ब्युरेटराचे स्क्रू फिरवून पाहणे ही अनेकांची पहिली कृती असते. वस्तुतः ती शेवटची असावी. झडपांतील अंतर, पॉइंट व टायमिंग बरोबर असल्याची खात्री होईपर्यंत कार्ब्युरेटरास हात लावल्यास एका दोषाचे दोन होतात. [⟶ कार्ब्युरेटर].

संपीडनातील दोष : सर्व प्लग काढून, वेगवर्धक पूर्ण दाबून व एंजिन स्टार्टरने फिरवून प्रत्येक सिलिंडरातील दाब मापकाने मोजतात. आकड्यांच्या मोठेपणापेक्षा त्यांतील सारखेपणा महत्त्वाचा असतो. सर्वांत जास्त व सर्वांत कमी दाबांत सु. १० टक्क्यांहून अधिक फरक असल्यास शोध आवश्यक ठरतो. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दट्ट्याची कडी झिजली आहेत. न वाढला तर झडपा नीट बसत नाहीत. शेजारच्या दोन सिलिंडरांतील दाब एकदम कमी असल्यास त्या दोहोंमधील हेड गॅस्केट फुटले असण्याची दाट शक्यता असते. झडपांतील अंतर अतिशय कमी ठेवले गेल्यास तापल्यावर झडप पूर्ण मिटत नाही. त्यामुळे थंड असताना ठीक व तापल्यावर ‘मिसिंग’ असे लक्षण दिसते. टॅपेटांचा आवाज बंद करण्याच्या हौसेने अंतर घट्ट करणे हे झडप जळण्याचे एक प्रमुख कारण आहे. किंचित खडखडणारे टॅपेट पुष्कळदा सुरक्षित असते.

धूर व प्लग यांची साक्ष : निळसर धूर तेल जळत असल्याचे, काळा धूर मिश्रण दाट असल्याचे आणि सतत येणारा पांढरा धूर सिलिंडरात पाणी जात असल्याचे दर्शवितो. थंड सकाळी आरंभी काही मिनिटे दिसणारी पांढरी वाफ मात्र स्वाभाविक असते. प्लगचे टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असल्यास ज्वलन ठीक आहे. कोरडी काजळी दाट मिश्रणाची अथवा दुबळ्या ठिणगीची, तेलकट ओल तेलगळतीची, तर पांढरे व भाजल्यासारखे टोक पातळ मिश्रणाचे किंवा फार पुढे घेतलेल्या टायमिंगचे लक्षण आहे. चारही प्लग शेजारी ठेवून पाहावेत. त्यांतील वेगळा दिसणारा प्लग शोधाची दिशा दाखवितो.

घाटमार्गावरील लक्षणे : एंजिनाचे सुप्त दोष चढणीवर उघडे पडतात. बोरघाटातून जाणारा मुंबई–पुणे रस्ता या दृष्टीने बोलका आहे. गाडीरस्ता म्हणून हा घाट १८३० मध्ये खुला झाला. घाटपायथ्याचे खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरांहून कमी उंचीवर, तर लोणावळे सु. ६२५ मी. उंचीवर आहे. अवघ्या काही किलोमीटरांत गाडीला ही उंची गाठावी लागते. एंजिनावर पूर्ण भार, गाडीचा वेग कमी आणि त्यामुळे रेडिएटरला मिळणारा वारा अपुरा, अशी तिहेरी परीक्षा येथे होते. सपाटीवर जाणवत नसलेला झिजलेला पंखापट्टा, अर्धवट बुजलेला रेडिएटर किंवा मागे पडलेले टायमिंग घाटात एंजिन उकळवून दाखविते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडणे धोक्याचे असते. दाब कमी होताच आतील पाणी एकदम उकळून बाहेर उडते.

चढावर खण्‌खण्‌ असा धातूसारखा आवाज येणे, हे मिश्रणाचा भडका अकाली किंवा अनियंत्रित होत असल्याचे लक्षण होय. चालकाने वरच्या गिअरमध्ये गाडी ओढत नेली तरीही हा आवाज येतो. खालचा गिअर टाकताच तो थांबला, तर दोष चालविण्यात असण्याचा संभव आहे. तरीही न थांबल्यास टायमिंग व ज्वलनकोठीत साठलेला कार्बन तपासावा. चढावर भार असताना निळा धूर येत असेल, तर संशय दट्ट्याच्या कड्यांवर घ्यावा. घाट उतरताना वेगवर्धक सोडून दिलेला असतो व सिलिंडरात मोठी पोकळी निर्माण होते. अशा उतारानंतर वेगवर्धक दाबताच निळ्या धुराचा लोट आला, तर झडपांच्या मार्गदर्शक नळ्यांतून तेल ओढले जात आहे असे समजावे. एकाच धुराचा अर्थ चढ व उतार यांनुसार बदलतो.

उन्हाळ्यात घाटात गाडी पेट्रोलअभावी बंद पडते, पण टाकीत पेट्रोल भरपूर असते. या घटनेस बाष्परोध म्हणतात. कारागीर ‘एअर धरली’ असे म्हणतात. पद्मिनीचा पेट्रोलपंप एंजिनावरच बसविलेला असून तो मागील टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढीमुळे नळीतील दाब कमी झालेला असतो. त्यात एंजिनाची उष्णता मिळताच पेट्रोलची वाफ होते आणि पंप द्रवाऐवजी वाफच हलवीत राहतो. पंपावर ओले फडके ठेवण्याचा चालकांचा जुना उपाय यामुळेच लागू पडतो. तथापि पंपाचा पडदा सैल असल्यास किंवा नळीत अडथळा असल्यास बाष्परोध लवकर होतो. तो वरचेवर होणाऱ्या गाडीत उष्णतेला दोष देऊन थांबू नये.

खंडाळ्याला चहासाठी थांबलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही, हे दुसरे परिचित दृश्य. एंजिन थांबताच पंखा व पाण्याचे अभिसरण थांबते, पण धातूतील उष्णता कायम असते. ती कार्ब्युरेटरात चढून तेथील पेट्रोल उकळते. हवेची गाळणी काढून व वेगवर्धक हलवून कार्ब्युरेटरात डोकवावे. पेट्रोलची धार उडत नसेल तर वाटी रिकामी झाली आहे. भरपूर पेट्रोल व त्याचा उग्र वास असेल, तर एंजिन ‘ओव्हरफ्लो’ झाले आहे. अशा वेळी वेगवर्धक पुन्हापुन्हा न मारता तो एकदाच पूर्ण दाबून धरावा व स्टार्टर फिरवावा. धारही ठीक व वासही बेताचा असेल, तर ठिणगी तपासावी. एका मिनिटाच्या या पाहणीने इंधन व प्रज्वलन या दोन शाखा वेगळ्या होतात.

लोणावळे परिसरात वर्षाला सरासरी ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. अशा दमट हवेत डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर व वायरींवर ओल साठून ठिणगीची वीज भलत्या मार्गाने निसटते. अंधारात बॉनेट उघडून चालू एंजिनाकडे पाहिल्यास ही निळसर गळती डोळ्यांना दिसते. टोपी कोरडी पुसून गाडी सुरू झाली, तरी तिच्या आत कार्बनाची बारीक रेघ उमटली आहे का हे पाहावे. ती असल्यास पुढच्या पावसात तोच प्रसंग पुन्हा ओढवतो.

घाट संपल्यावर उद्भवणारे दोषही असतात. लोणावळ्यापासून कामशेत सु. १५ किमी. असून तेथून फाटा धरून वडिवळे या धरणाच्या गावाकडे जाता येते. हा मार्ग घाटाच्या मानाने सौम्य आहे. घाट विनातक्रार चढलेली गाडी या टप्प्यात अडखळून थांबली, दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू झाली व काही किलोमीटरांनी पुन्हा थांबली, तर टाकीचे वायुछिद्र बुजले असण्याची शक्यता पडताळावी. पेट्रोल निघून जाते, पण त्याच्या जागी हवा येत नाही. टाकीत पोकळी वाढत जाऊन पंपाची ओढ अपुरी पडते. टाकीचे झाकण सैल करताना ‘फुस्स’ असा आवाज होऊन हवा आत गेली, तर निदान झाले. असे वायुछिद्र साफ न करता पंप व कार्ब्युरेटर बदलूनही गाडी पूर्ववत थांबत राहते.

उंचीचा मापनांवरही परिणाम होतो. लोणावळ्यास हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सु. ७ टक्क्यांनी कमी असतो. निरोगी एंजिनाच्या अंतर्गम नळीतील निर्वात मंद फेऱ्यांवर समुद्रसपाटीस पाऱ्याच्या ४३ ते ५३ सेंमी. इतका असतो, लोणावळ्यास तोच सु. ५ सेंमी.ने कमी भरतो. मुंबईत लिहिलेला आकडा मावळात प्रमाण धरल्यास धडधाकट एंजिन रोगी ठरेल.

आजचे इंधन : जुन्या पुस्तिकांतील काही निकष आजच्या पेट्रोलला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. भारतात २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले. शिशाच्या संयुगांमुळे निष्कास झडपेच्या बैठकीला संरक्षण मिळत असे. ते नाहीसे झाल्याने मूळ, मऊ बैठका असलेल्या एंजिनांत दीर्घकाळ वेगाने वा भाराखाली चालविल्यास बैठक झिजून झडपेतील अंतर कमी होऊ शकते. म्हणून हे अंतर पूर्वीपेक्षा अधिक वेळा तपासणे हितावह आहे. शिसे नसल्याने प्लगांचा रंगही जुन्या चित्रांतल्यापेक्षा फिकट दिसतो.

पेट्रोलमध्ये एथेनॉलाचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्के झाले व त्यानंतर ते २० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आले. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४·७ पट हवा लागते. एथेनॉलास केवळ ९ पट, तर २० टक्के मिश्रणास सु. १३·५ पट पुरते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी जुळविलेल्या कार्ब्युरेटरात मिश्रण आपोआप पातळ होते. उंचीवरील विरळ हवेने ते थोडे दाट होत असल्याने लोणावळ्यात ही उणीव काही अंशी भरून निघते. समुद्रसपाटीवर मात्र ती पूर्ण जाणवते. एथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी फार झाल्यास ते एथेनॉलासह टाकीच्या तळाशी वेगळे होते. महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी सुरू होत नसल्यास टाकीच्या तळातील थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन त्यात दोन थर पडतात का, हे पाहावे. जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदेही या इंधनाने फुगतात किंवा चिरतात. नळीची गळती हा केवळ चालण्यातील दोष नसून आगीचा धोका आहे. यास्तव एथेनॉलास टिकणाऱ्या नळ्या बसविणे आवश्यक ठरते.

निदानाचा क्रम व दक्षता : सर्वसाधारणपणे बॅटरी व तिचे सांधे, संपीडन, झडपांतील अंतर, पॉइंट, टायमिंग, इंधनपुरवठा व शेवटी कार्ब्युरेटर हा क्रम योग्य ठरतो. एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा व तो लिहून ठेवावा. दोन बदल एकत्र केल्यास कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही, आणि पुढील वेळी तोच शोध पुन्हा आरंभापासून घ्यावा लागतो. बदललेला जुना भाग दोष निश्चित होईपर्यंत टाकून देऊ नये. तो निर्दोष असण्याचीही शक्यता असते.

बंदिस्त जागेत एंजिन चालू ठेवून तपासणी करू नये; निष्कास वायूंतील कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असल्याने भोवळ येईपर्यंत त्याची जाणीव होत नाही. घाटात गाडी बंद पडल्यास हातब्रेक ओढून चाकामागे मोठा दगड लावावा, मागील वाहनांना दुरून दिसेल अशी खूण ठेवावी आणि मगच बॉनेट उघडावे. बंद पडलेली गाडी गिअरबाहेर काढून उतारावर सोडून देणे प्राणघातक ठरू शकते. एंजिनाचा रोध नाहीसा होऊन सर्व भार जुन्या ब्रेकांवर येतो व ते तापून निकामी होतात.

पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या वाहनांसाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. १९७४ मधील पहिल्या पद्मिनी गाड्यांनी ही वयोमर्यादा ओलांडली आहे. मूळ स्वरूप टिकविण्यास यामुळे कायद्याच्या दृष्टीनेही मोल आले आहे. प्रत्येक चुकीच्या निदानाबरोबर मूळ कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर किंवा पंप गाडीतून कायमचा निघून जातो. अचूक निदानाने मात्र पुष्कळदा एखादे बुजलेले छिद्र साफ करून, एखादे अंतर जुळवून किंवा एखादा सैल सांधा आवळून काम भागते. कारागिरांनी आपल्या चाचण्या व त्यांचे निष्कर्ष लिहून ठेवले, तर या एंजिनांबरोबर त्यांचे निदानशास्त्रही टिकून राहील.